पाव किलो पाव, आणि पाव रे देवा!

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या पावावरून महाभारत चाललंय. माझ्या दिराने फॉरवर्ड टाकला की पोर्तुगीज लोक पीठ पायाने तुडवायचे म्हणून त्याला पाव म्हणतात. सासरे म्हणतात, काहीतरीच काय, अख्ख्या लादीचा चौथा भाग म्हणून पाव. आणि सासूबाईंचं म्हणणं, देव पावतो ना तोच शब्द, अन्न आहे ते, पावलं म्हणून पाव. खरं काय ते सांगा, मी स्क्रीनशॉट टाकते. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्क्रीनशॉट टाका, पण सासूबाईंना आधी चहा वगैरे देऊन मगच टाका, कारण तिघांपैकी कुणीच जिंकलेलं नाहीये. म्हणजे तिघांनी सांगितलेले शब्द खरे आहेत, पण बेकरीतल्या पावाचे ते कुणी लागत नाहीत.

आधी दीरांचा फॉरवर्ड, कारण तो मलाही वर्षातून दोनदा तरी येतोच. आता बघा, मराठीत पायाला आपण काय म्हणतो? पायच म्हणतो. 'पाँव' हिंदीत म्हणतात. म्हणजे ही गोष्ट ज्याने कुणी रचली त्याच्या डोक्यात हिंदी चालू होती, आणि आपण ती मराठीत ढकलताना एवढंही बघितलं नाही की आपल्या भाषेत विनोद जुळतच नाहीये. कुणी पीठ पायाने मळलं असेल नसेल, तो वेगळा विषय, नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

बेकरीतला पाव पोर्तुगीज. त्यांच्याकडे ब्रेडला जो शब्द आहे तो आपल्या कानाला साधारण 'पाँव' असा ऐकू येतो, शेवट पूर्ण नाकातून. हा शब्द लॅटिनमधल्या 'पानिस'चा नातू. त्याचीच भावंडं म्हणजे स्पॅनिश 'पान', इटालियन 'पाने', आणि फ्रेंच लोक नाकातून 'पँ' म्हणतात ते. पोर्तुगीज भाषेची एक सवय आहे, दोन स्वरांच्या मधला न ती गिळून टाकते आणि त्याची आठवण म्हणून स्वर नाकात ठेवते. लॅटिनमध्ये हाताला 'मानुस', स्पॅनिशमध्ये 'मानो', पोर्तुगीजमध्ये 'माँव'. कुत्र्याला लॅटिनमध्ये 'कानिस', पोर्तुगीजमध्ये 'काँव'. तसंच पानिसचं पाँव. एका शब्दापुरतं असतं तर मीही योगायोग म्हटलं असतं, पण ओळीने सगळे शब्द तसेच वागतात म्हटल्यावर संशयाला जागा उरत नाही.

मग तो शब्द आपल्याकडे आला. १५१० साली गोवा घेतला त्यांनी, १५३४ च्या तहाने वसई मिळवली, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत उत्तर कोकणात ते दोनशे वर्षं होते, तेवढ्या काळात शेजाऱ्याच्या घरचे शब्द लागतातच की. गोव्यात यीस्ट कुठून आणणार, म्हणून माडाची सूर घालून पीठ आंबवायला लागले. आजही तिथे सकाळी सायकलवर भोंगा वाजवत जो येतो त्याला 'पदेर' म्हणतात (काही जण 'पोदेर'), तोही पोर्तुगीज शब्दच, बेकरीवाला या अर्थाचा. त्याच्या टोपलीत नुसता पाव नसतो, उंडो असतो, पोय असते, बांगडीसारखं काकण असतं. मुंबईत आपण लादी पाव, कडक पाव आणि ब्रून एवढ्यावर समाधान मानतो, असो, तो माझा वैयक्तिक राग आहे.

आता पुरावा काय, असं सासरे विचारतीलच. तर सांगा की 'लिलाव'. तोही पोर्तुगीज, मूळ उच्चार साधारण 'लेलाँव'. त्यातल्या शेवटच्या नाकातल्या 'आँव'चा मराठीत 'आव' झाला, अगदी पावासारखा. गोव्यातल्या जुन्या घरांपुढे बसायची जी जागा असते ना, गप्पा मारायची, ती 'बाल्कांव', तिचाही शेवट तसाच. म्हणजे पाव एकटा नाही आलेला, त्याच्या आडनावाचे आणखी लोक आहेत. शिवाय शेजारच्या भाषा बघा. गुजरातीत पाव भागाला 'पा' म्हणतात, पायाला 'पग', आणि बेकरीतल्याला 'पाउं', अनुस्वारासकट. बंगालीत पायाला 'पा', पाव किलोला 'पोआ', आणि ब्रेडला 'पाउरुटी'. लादीचा चौथा भाग म्हणून नाव पडलं असतं तर गुजराती माणसाने 'पाभाजी' खाल्ली असती आणि बंगाल्याने 'पोआरुटी'. तसं कुणी म्हणत नाही. (पाउरुटी काय किंवा आपल्याकडची पावरोटी काय, म्हणजे रोटी-रोटीच झालं ते, पिवळा पीतांबर म्हणतात त्यातला प्रकार.)

पण सासऱ्यांचा पाव भाग मला मनापासून आवडतो, त्याच्याबद्दल थोडं जास्त सांगते. तो संस्कृत 'पाद', म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, इतका सरळ हिशोब. हा अर्थ फार जुना आहे, ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तातच त्या विराट पुरुषाचा एक पाद म्हणजे ही सगळी सृष्टी आणि उरलेले तीन पाद वर स्वर्गात, असं सांगितलंय. म्हणजे एक चतुर्थांश आणि तीन चतुर्थांश झाले की. पुढे प्राकृतात दोन स्वरांमधला द गळून पडला, पाद चं 'पाअ' झालं, दोन स्वर शेजारी शेजारी आले आणि बोलताना ते अवघड जातं म्हणून मध्ये काहीतरी भरायला लागतं. कुठे य भरला, त्याचा झाला 'पाय'. कुठे व भरला, त्याचा झाला 'पाव'. एकाच आईची दोन पोरं, एक चालायला गेलं, दुसरं वाण्याच्या दुकानात मापाला बसलं.

आणि त्या पावाचं गोत केवढं मोठं आहे! सव्वा म्हणजे 'सपाद', पावासकट. पाऊण म्हणजे 'पादोन', पावाने उणा. पावणेदोन, पावणेतीन तेच. पावशेर आलं, चार आण्यांची पावली आली (पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, त्यामुळे आजकालच्या मुलांना पावली म्हणजे छोटं पाऊल वाटत असेल). आमच्या आजीच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आता हे वाचून तुमच्या घरातलं कुणीतरी म्हणून दाखवेल बघा. सवाई माधवरावांतला 'सवाई' पण तिथलाच, सव्वापट. आणि संध्याकाळी 'क्वार्टर' आणायला जाणारे जे असतात, तेही पावच आणायला जातात, साडेसातशे मिलीच्या बाटलीचा चौथा हिस्सा, जरा कमीच, १८० मिली.

राहिला सासूबाईंचा पाव. 'देव पावला' मधलं पावणं संस्कृत 'प्राप्' वरून, मिळणं, पोचणं. इथे सुरुवातीच्या प्र चा र गेला आणि शेवटच्या प चा व झाला, दीप चा दिवा होतो तसा. हिंदीतलं 'पाना' तेच. मरण पावला, कीर्ती पावला, नवसाला पावणारा, आरतीत आपण 'संकटी पावावे' म्हणतो ते, सगळं एकच. (हो, 'संकटी' आहे ते, 'संकष्टी' नाही, दर गणपतीत निम्मा मांडव चुकतो.) कुरिअरवाल्याला आपण देतो ती पावतीसुद्धा यातलीच, वस्तू पावली याचा कागद.

तर आता नीट बघा, तिन्ही शब्दांत व आहे पण तो तीन वेगळ्या ठिकाणांहून आलाय. पाव किलोतला व नुसता भराव, द गेल्यावर पडलेला खड्डा बुजवायला टाकलेला. देव पावतो त्यातला व म्हणजे जुना प. आणि वडापावातला व म्हणजे नाकातून निघालेला पोर्तुगीज स्वर, आपल्या तोंडात बसला तसा. शब्द लहान असला की हे फार होतं, कारण दोन-अडीच आवाजांत मावणारे शब्द असून असून किती असणार, कुठून कुठून आलेले लोक झिजत झिजत एकाच जागेवर येऊन उभे राहतात.

आणि वडापावातल्या पावाचे खरे नातेवाईक हवे असतील तर ते भलत्याच ठिकाणी सापडतात. 'कंपनी' हा शब्द लॅटिनमधल्या 'सोबत' आणि 'पानिस' या दोघांचा, एका ब्रेडमध्ये जेवणारे ते सोबती. रेल्वेची 'पॅन्ट्री' कारही त्या पानिसचीच, ब्रेड ठेवायची खोली. म्हणजे डेक्कन क्वीनच्या पॅन्ट्रीत बसून पाव खाणारा माणूस कंपनीत नोकरीला असेल तर त्याने एका दमात तीन चुलत भाऊ गोळा केले.

प्रश्न : ताई, मी चार वर्षं टोकियोत आहे. इथे ब्रेडला 'पान' म्हणतात. बेकरीत शोकुपान, आनपान, करी भरलेलं करेपान वगैरे मिळतं. माझा मुलगा म्हणतो की बौद्ध धर्माबरोबर आपला 'पान' शब्द इकडे आला असणार. मला पटत नाहीये, पण त्याला समजावता येत नाही. – एक वाचक, टोकियो

उत्तर : मुलाची शंका हुशार आहे, कारण बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द जपानपर्यंत पोचलेत हे खरंच आहे. पण हा त्यातला नाही. आपलं पान संस्कृत 'पर्ण' वरून, पर्ण, पण्ण, पान, झाडाचं पान, विड्याचं पान, मग जेवायचं पान आणि शेवटी वहीचं पान. त्याचा ब्रेडशी संबंध जोडायचा तर केळीच्या पानावर पाव वाढावा लागेल.

तुमच्या बेकरीतलं 'पान' पोर्तुगीजच आहे, वर डोंबिवलीच्या ताईंना सांगितलं तेच. पोर्तुगीज खलाशी १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, तिथून पुढे व्यापारी आणि पाद्री आले आणि बरोबर ब्रेड आला. आता मूळ शब्दात आ आहे, मग ओठ गोल होतात आणि त्याच वेळी आवाज नाकातून जातो. जपान्यांना त्यातलं नाक ऐकू आलं, त्यांनी शेवटी न लावला. आपल्याला ओठ ऐकू आले, आपण व लावला. सिंहली लोकांनीही 'पान'च ऐकलं, त्यांच्याकडे पोर्तुगीज १५०५ ला पोचले होते. आणि कोरियन लोक 'प्पांग' म्हणतात, तो त्यांना जपान्यांकडून मिळाला. म्हणजे मुलाला सांगा की आनपान आणि वडापाव हे सख्खे भाऊ आहेत, मधे समुद्र आहे एवढंच. ही माहिती त्याला शाळेत वापरता येईल, डब्यात वडापाव नेला तर नक्कीच.

प्रश्न : चायनीज हॉटेलात हल्ली 'बाओ' मिळतो, मऊ, पांढरा, मधे सारण. मित्र म्हणतो आपला पाव आणि बाओ एकच, पोर्तुगीज मकावला होते ना, तिथूनच उचललं. बरोबर का? – एक वाचक, पुणे

उत्तर : मकावला होते, १५५७ पासून वस्ती करून, त्यामुळे मित्राने कथा छान विणलीये. आणि अजून भर घालते म्हणजे तो जास्तच खूश होईल: चिनी भाषेत ज्याला आपण बाओ म्हणतो त्याचा खरा उच्चार आपल्या कानाला 'पाओ'च्या जास्त जवळ येतो, आणि मँडरिनमध्ये साध्या ब्रेडला 'म्येनपाओ' म्हणतात. इतकं सगळं जुळतंय.

तरीही नाही. 'पाओ' म्हणजे गुंडाळणं, पिशवी, गाठोडं, हा चिनी भाषेचा स्वतःचा फार जुना शब्द आहे, पोर्तुगीज जहाज बांधायच्या कितीतरी आधीचा. आत सारण गुंडाळलं म्हणून पाओ. म्येनपाओमधलं 'म्येन' म्हणजे पीठ, तर पिठाचं गाठोडं, झाला ब्रेड. इंडोनेशियात 'बाकपाउ' मिळतो तो याच चिनी शब्दाचा, दक्षिण चीनच्या बोलीतून गेलेला. मलेशियात नुसतं 'पाउ'. अर्थ जुळला आणि आवाज जुळला की आपलं मन लगेच सोयरीक जमवतं, पण सोयरीक जमवायची तर दोन्हीकडची तीन-चार पिढ्या मागची माणसं विचारायची असतात, नुसता फोटो बघून चालत नाही.

नुसता आवाज धरून बसलं तर कुठल्या कुठे जाल. हवाई बेटांवर 'पाउ' म्हणजे संपलं, झालं. कातालान भाषेत 'पाउ' म्हणजे शांतता, लॅटिनच्या 'पाक्स' वरून. आणि खुद्द पोर्तुगीजमध्ये नाकातून न बोललेला 'पाउ' म्हणजे लाकूड, काठी, ज्या झाडावरून ब्राझील देशाला नाव मिळालं ते 'पाउ-ब्राझील' त्यातलंच. तेव्हा लिस्बनला गेलात तर बेकरीत पाव मागताना नाक वापरा, नाहीतर काउंटरवरची बाई हसेल, त्या काठीला तिकडे एक चावट अर्थही आहे.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात 'या पावणं' म्हणतात. हा पावणा म्हणजे पावणेआठचा का देव पावतो त्याचा? दारात आला, पोचला, म्हणून पावणा असं मला वाटतं. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही नाही हो. हा 'पाहुणा'च, मधला ह बोलता बोलता विरघळला. संस्कृतात 'प्राघुण', प्राकृतात 'पाहुण', असा त्याचा माग लागतो. पावणेआठला पावणं आलं आणि नवसाला पावलं, असं वाक्य केलंत तर तीन वेगवेगळी कुळं एका दारात उभी राहतील.

आणि विचारायच्या आधीच सांगते, पाऊस आणि पावसाळा 'प्रावृष्' वरून आलेत, आणि पावनखिंडीतला पावन 'पू' म्हणजे शुद्ध करणं या धातूचा, अग्नीला 'पावक' म्हणतात तो पण तिथलाच. त्यातलं कुणी इथल्या पावांपैकी नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एकच, आवाज पण एकच. आणि आपलं 'नाव', इंग्रजी 'नेम', जपानी 'नामाए' हे पण सेम. मग हे सगळे एकाच भाषेतून आले का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बद आणि बॅड यांचं काहीही नातं नाही, शुद्ध योगायोग. भाषांचा अभ्यास करणारे लोक हे उदाहरण मुद्दाम देतात, तुझ्यासारख्यांना सावध करायला. नाव आणि नेम मात्र खरे नातेवाईक, संस्कृत 'नामन्', लॅटिन 'नोमेन', फारसी 'नाम', सगळे एका घरचे, आपल्याकडे म चा व झाला, ग्राम चं गाव होतं तसा. जपानी नामाए त्या घरात नाही. गंमत म्हणजे मराठीत दुसरी एक नाव आहे, पाण्यातली, ती 'नौ' ची, आणि तिची इंग्रजी बहीण म्हणजे नेव्ही.

आता ओळखायचं कसं? दिसण्यावर जाऊ नकोस. आपला पाव किलो आणि इंग्रजीतला 'फूट' यांच्यात एक अक्षर सारखं नाही, पण ते खरोखरचे भाऊबंद आहेत, दोघंही 'पाय' या एकाच जुन्या शब्दाचे. इंग्रजीच्या पूर्वजांनी जुन्या प चा फ केला, म्हणून पितर चा फादर, तसा पाद चा फूट. हा नियम लक्षात ठेव, पुढच्याच प्रश्नात लागणार आहे.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो. लेकीच्या संस्कृतच्या तासाला बाईंनी 'श्लोकाचे चार पाद' म्हटलं आणि वर्ग जो हसत सुटला तो थांबेना. घरी येऊन ती विचारते, शब्द एकच आहे का? मी विषय बदलला. – एक वाचक, सातारा

उत्तर : विषय कशाला बदललात, इतका सुंदर प्रश्न आहे! एकच नाहीत. श्लोकाचा पाद म्हणजे पायच, चौथा हिस्सा, वर सांगितला तो. मुलं ज्यावर हसली तो संस्कृत 'पर्द्' या धातूचा. त्यात द च्या मागे र होता, प्राकृतात तो 'पद्द' झाला आणि मराठीत 'पाद', सर्प चा साप होतो तसंच. जोडाक्षरातला द होता म्हणून तो टिकला. उलट पायवाल्या पाद मधला द एकटा होता, तो गळाला आणि त्याचा पाय झाला. म्हणजे मराठीत 'पाद' ही जागा रिकामी झाली होती, तिथे दुसरा येऊन बसला, आणि मग शेकडो वर्षांनी पंडितांनी पहिल्याला संस्कृतातून जसाच्या तसा परत आणला, तेव्हा बघतो तर घरात हा.

नाशिकच्या मुलाला सांगितलेला प चा फ इथे लावून बघा, आणि लेकीलाही लावायला सांगा. पाद चा फूट झाला, मग पर्द् चं इंग्रजीत काय होईल? तिला उत्तर नक्की माहीत असेल, इंग्रजी माध्यमात असेल तर दोन सेकंदांत देईल.